भिंतीनं सोडलं, टेपनं नाही

सकाळी साडेनऊला हॉल उघडला तेव्हा 36 पैकी 9 फोटो जमिनीवर होते. पुणे, जुलै, रात्रभर झड लागलेली. दिवे घाटातल्या वारीचे फोटो, प्रत्येक 20 बाय 30 इंच, सगळे आडवे, 5 एमएम सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या कडक बोर्डवर, चढवलेले. ना फ्रेम, ना काच. प्रदर्शनाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. भिंतीला भोकं पाडायची नाहीत अशी हॉलची अट होती, म्हणून आम्ही पाठीला फोमची डबल टेप लावून ते थेट भिंतीवर चिकटवले होते.

पडलेल्यांची पाठ पाहिली. टेप बोर्डाला घट्ट होती आणि तिच्यावर रंगाचा पांढरा पापुद्रा आला होता. म्हणजे टेपनं दगा दिलाच नव्हता. भिंतीवर तळहात घासला तर हात पांढरा झाला. डिस्टेंपर, तोही दमट हवेत भुरभुरीत झालेला. एक फोटो जेमतेम सव्वा किलोचा, पण टेप जितकी चांगली तितका रंग सोलून निघणार. हा तळहात आदल्या दिवशीच फिरवायला हवा होता.

फ्रेम काढली की फक्त लाकूड जात नाही. फोटो सपाट ठेवणं, वजन पेलणं, कडा जपणं, भिंतीपासून अंतर राखणं ही तिची कामं मागं उरतात आणि ती बोर्डाला, त्याच्या पाठीला आणि भिंतीला वाटून द्यावी लागतात. आम्ही वजनाचं काम रंगाच्या थरावर टाकलं होतं. काच नको हा निर्णय मात्र बरोबरच होता. समोरच्या खिडक्यांचा उजेड काचेवर चमकला असता, आणि पावसाळ्यात काचेला टेकलेल्या जुन्या फोटोंचं जिलेटिन ओल धरून काचेलाच चिकटतं. घराघरांत आजोबांच्या फोटोचं असं झालेलं दिसतं.

व्यवस्थापकांनी उतरलेला रंग पाहिला आणि स्क्रूला परवानगी दिली. भोकं पुट्टीनं बुजवून द्यायची या अटीवर. सुताराला फोन केला. तो आला, भिंत ठोकून म्हणाला, "दादा, नुसता खिळा टिकायचा नाही, स्क्रूसाठी प्लास्टिकचा प्लगच मारू. प्लास्टर ओलांडून विटेत जायला पाहिजे."

उरलेले 27 फोटो ओढून काढले असते तर बोर्ड वाकले असते. बोर्ड आणि भिंत यांच्या फटीत तंगूस, म्हणजे बारीक नायलॉनची दोरी, घालून करवतीसारखी वरून खाली फिरवली. टेप मधोमध कापली जाते. पाठीवरचा उरलेला फोम अंगठ्यानं गुंडाळत काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं.

टांगायला तिरप्या कापाच्या पट्ट्या केल्या. 12 एमएम प्लायच्या 12 इंची पट्ट्या, एक कड 45 अंशांत कापलेली. भिंतीवरच्या पट्टीचा काप वर आणि त्याची धार बाहेरच्या बाजूला. फोटोमागच्या पट्टीचा काप खाली आणि धार भिंतीकडे. दोन्ही एकमेकींत बसतात, वजनानं फोटो भिंतीकडेच ओढला जातो. खालच्या बाजूला त्याच 12 एमएमचा गुटका लावला, नाहीतर फोटो खाली मान घातल्यासारखा दिसतो. भिंतीच्या पट्टीला दोन स्क्रू, 6 एमएमचा बिट, 40 एमएमचे स्क्रू.

प्लाय सनबोर्डाला चिकटवणं हा खरा पेच होता. हॉट ग्लूची उष्णता 5 एमएम फोममधून पुढे उमटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अ‍ॅसिड सोडतं, ते फोटोजवळ नकोच. न्यूट्रल सिलिकॉन हवं, पण त्याला रात्र द्यावी लागते. म्हणून सिलिकॉनच्या उभ्या रेषा ओढल्या आणि मधल्या जागेत इन्स्टंट ग्लूचे थेंब दिले. थेंब मिनिटाभरात धरतात, सिलिकॉन सावकाश ताकद घेतं. रेषा उभ्याच ठेवायच्या. चौकोन बंद केला तर आत हवा पोचत नाही आणि मधलं सिलिकॉन ओलंच राहतं. दोन्ही गोंद हवेतल्या ओलीवरच पकडतात. त्या दिवशी पावसाची एवढी मदत झाली.

पडलेल्यांपैकी पाच जणांचे कोपरे दबले होते. सनबोर्डाचा दबलेला कोपरा पुन्हा फुगत नाही. आम्ही प्रिंट बोर्डापेक्षा मोठी ठेवून चढवतो आणि मग दोन्ही एकत्र कापतो, त्यामुळे कडेला पांढरी रेघ उरत नाही. इथेही तेच केलं. चारही बाजूंनी दोन दोन सूत, म्हणजे पाव इंच, कापले, नव्या ब्लेडनं, एका जोरात नाही तर चार हलक्या फेऱ्यांत. तीन वाचले. दोनांचा मार खोल होता, ते पुन्हा छापायला पाठवले. ताज्या प्रिंटवर लगेच लॅमिनेशन नको, शाईतलं द्रावक उडायला एक दिवस लागतो. म्हणून ते दोन फोटो लॅमिनेशनशिवायच लागले.

चार बोर्ड पुढच्या बाजूला वाकले होते. पुढची लॅमिनेशनची फिल्म ताणून बसलेली, पाठ उघडी. पाठीलाही तीच फिल्म लावली आणि पट्ट्या चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवले. खरं तर पाठीची फिल्म पहिल्याच दिवशी लावायची असते.

फोटोग्राफर सरांनी डार्करूममध्ये केलेल्या चार जुन्या फायबर प्रिंटही (प्लास्टिकचा थर नसलेल्या फोटोकागदावरच्या) आणल्या होत्या. "याही बोर्डवर घ्या ना," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. एकदा चिकटलेली प्रिंट सुटत नाही. त्यांच्यासाठी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी स्क्रूनं लावली, कापलेल्या कडा गंजतात म्हणून त्यावर पांढरी पॉलिएस्टर फिल्म, आणि समासावर 10 एमएमची निओडिमियम चुंबकं, खाली आम्लमुक्त कागदाची चकती. चुंबक सरकवायचं नाही, सरळ उचलायचं. सरकलं की कागदावर ओरखडा.

उंची मोजताना फरशीवर विसंबलो नाही, ती एका टोकाला पाऊण इंच उतरती होती. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी जुळवून, आत बुडबुडा नाही हे पाहून, 58 इंचांवर मध्यरेषा आखली. फोटोची वरची कड 68 वर येते. प्रत्येक भिंत 39 फूट, म्हणजे 468 इंच. बारा फोटोंचे 360 गेले, दोन्ही टोकांना दहा दहा, उरलेले 88 अकरा फटींत: बरोबर 8 इंच.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला शेवटचा फोटो पट्टीवर बसला. तो अर्धा इंच डावीकडे होता. दोन बोटांनी उजवीकडे सरकवला.