पोस्ट तिथल्या तिथे पुरी व्हायला हवी: न्यूजलेटरचे वाचक जमवतानाचा माझा अनुभव

आकाशनिरीक्षणावर मी दर पंधरवड्याला ईमेलने जाणारं एक न्यूजलेटर लिहिते. त्याचे बहुतेक वाचक सोशल मीडियावरच्या चार-पाच ओळींच्या पोस्ट वाचून आले. जाहिरातीवर मी कधी खर्च केला नाही, त्यामुळे या ओळींना मी मूळ अंकाइतकाच वेळ देते.

फॉलोअर असताना ईमेलची यादी कशाला, असं मला बरेच जण विचारतात. ट्विटरने (आताचं एक्स) जानेवारी २०२१ मध्ये रेव्ह्यू ही न्यूजलेटर सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बंदही केली. तिथे लिहिणाऱ्यांना आपली ईमेल यादी उतरवून घेऊन दुसरीकडे जाता आलं. फॉलोअर असे उचलून नेता येत नाहीत. शिवाय पोस्ट कोणाला दाखवायची हे अल्गोरिदम ठरवतो, ईमेल मात्र मी ज्याला पाठवते त्यालाच जातो.

‘नवा अंक आला आहे, नक्की वाचा’ या प्रकारच्या पोस्टला लाइक मिळतात ते जुन्या वाचकांचे. ज्याने मला कधी वाचलेलंच नाही, त्याला माझा अंक आल्याचं काय अप्रूप? त्याला आत्ता, त्याच पोस्टमध्ये, काहीतरी हाती लागायला हवं. म्हणून मी ठरवलं की प्रत्येक पोस्ट तिथल्या तिथे पुरी झाली पाहिजे. लिंक न उघडता पुढे गेलेल्या माणसालाही काही मिळालेलं असलं पाहिजे.

एक नमुना देते. चंद्राच्या पृष्ठभागावर अंक होता, त्यातून ही पोस्ट निघाली:

‘पौर्णिमेचा चंद्र पांढराशुभ्र दिसतो. खरं तर त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के प्रकाश तो परत पाठवतो. म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतका तो काळपट आहे. मागचं आकाश काळंकुट्ट असल्यामुळे तो उजळ वाटतो.’

हेच ‘चंद्राचा खरा रंग कळला तर थक्क व्हाल!’ असंही लिहिता आलं असतं. क्लिक कदाचित जास्त मिळाले असते, पण मला ते मनापासून नापसंत आहे. माहिती अडवून धरून मिळवलेला वाचक पुढच्या वेळी सावध होतो. अंकात सांगण्यासारखं बरंच उरतंच: चंद्रावरचे गडद डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं कशी, ती पृथ्वीकडच्या बाजूलाच जास्त का, वगैरे.

पोस्ट मी नेहमी अंक पूर्ण झाल्यावर काढते. अंक पुन्हा वाचताना जे वाक्य मागच्या-पुढच्या मजकुराशिवाय उभं राहतं, त्यावर खूण करते. मग त्याच्या आधीचं सगळं उडवते. ‘आपल्याला माहीतच आहे की’, ‘आज आपण पाहणार आहोत’ यांना पहिल्या ओळीत जागा नाही, कारण फेसबुक आणि लिंक्डइनवर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर घडीत जातो. वाचकाने स्वतः पाहिलेली गोष्ट पहिल्या ओळीत आली की तो थांबतो. पौर्णिमेचा चंद्र सगळ्यांनी पाहिलेला असतो.

मराठीत लिहिताना जागेची अडचण जरा जास्तच असते. ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा २०१७ मध्ये २८० झाली खरी, पण तिथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ हे एक अक्षर तिथे सहा भरतं. माझ्या पोस्टमध्ये पस्तीस-चाळीस शब्द बसतात, तेवढ्यात भागवायचं. थ्रेड्स या ॲपवर मर्यादा ५०० असल्यामुळे थोडा श्वास घेता येतो. लिंक मी पोस्टखालच्या पहिल्या उत्तरात देते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडतच नाही, तिथे ती प्रोफाइलमध्ये ठेवावी लागते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मोजणीने. प्रत्येक ठिकाणच्या लिंकला मी वेगळा टॅग लावते, म्हणजे सबस्क्रायबर कुठून आला ते कळतं. अंक किती जणांनी उघडला या आकड्यावर मी विसंबत नाही, कारण ईमेलमधलं एक अदृश्य चित्र उतरलं की तो उघडला असं धरलं जातं. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये चित्रं आपोआप आधीच उतरवण्याची सोय आली आणि न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ लागला. मी दोनच गोष्टी पाहते, नवीन नोंदणी आणि आलेली उत्तरं.

यातून जे दिसलं त्याने माझी लिहिण्याची दिशाच बदलली. शुक्राचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो (स्वतःभोवती फिरायला २४३ पृथ्वीदिवस, सूर्याभोवती २२५), ही पोस्ट दूरवर शेअर झाली, पण नोंदणी तुरळक. उलट ‘संध्याकाळी दिसणारा तो तेजस्वी ठिपका तारा की ग्रह? लुकलुकत असेल तर बहुधा तारा, स्थिर असेल तर बहुधा ग्रह’ ही साधी पोस्ट फार लोकांपर्यंत गेली नाही, तरी तिने कितीतरी वाचक आणले. मला याचं कारण असं वाटतं: नवलाची गोष्ट वाचून माणूस खूश होतो आणि विषय संपतो. ओळखायची युक्ती मिळाली की तो रात्री बाहेर जाऊन पाहतो, आणि मग पुढची युक्तीही त्याला हवी असते. ईमेलचा पत्ता लोक पुढच्या अंकासाठी देतात. तेव्हापासून माझ्या निम्म्याहून जास्त पोस्ट स्वतः करून पाहण्याच्या असतात.

नोंदणीच्या पानावर ईमेलचा एकच रकाना आहे आणि खाली एक जुना अंक पूर्ण वाचायला ठेवला आहे. नाव, फोन काही मागत नाही. नोंदणी पक्की करण्याचा ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो, म्हणून तिथेही डोकवायला त्याच पानावर ठळक सांगितलं आहे. ओळखीच्या कोणाचा पत्ता मी परस्पर यादीत घालत नाही, आणि बाहेर पडायची लिंक प्रत्येक अंकात वरच असते.

पहिल्या ईमेलमध्ये मी नव्या वाचकाला एवढंच विचारते: आकाशाबद्दल तुम्हाला पडलेलं एखादं कोडं सांगा. चंद्र दिवसा कसा काय दिसतो, हे इतक्या जणांनी विचारलं की त्याची पोस्ट केली. त्या पोस्टवरून आलेल्या एकाने लगेच विचारलं, मग शुक्रही दिवसा दिसतो का? दिसतो, नेमकं कुठे पाहायचं ते ठाऊक असेल तर. सूर्याकडे नजर न जाऊ देता तो कसा शोधायचा, यावर पुढचा अंक लिहायला घेतला आहे.