डोपामिनला उगाच बदनाम करू नका

डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन, आणि हल्ली जो उठतो तो डोपामिन डिटॉक्सवर, म्हणजे फोन, गोडधोड असल्या मजेच्या गोष्टी काही काळ बंद ठेवण्यावर, लेक्चर देतो. रील बघितली की डोपामिन, जिलेबी खाल्ली की डोपामिन, म्हणजे डोपामिन = मजा असं सरळ समीकरण. मला याचा जाम वैताग येतो, कारण ज्या माकडांमुळे खरी भानगड कळली त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

स्वित्झर्लंडमधे फ्रिबूर्गला वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे मेंदूशास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे सिग्नल मोजायचे. अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की पेशी एकदम चेकाळायच्या, इथवर ठीक. मग ज्यूसच्या आधी दिवा लावायला लागले, आणि दिवा लागला म्हणजे ज्यूस येणार हे माकडाला पक्कं कळल्यावर पेशी दिव्यालाच चेकाळायला लागल्या आणि ज्यूस आला तेव्हा ढिम्म! ज्यूस तोच, तेवढाच गोड. आणि दिवा लावून ज्यूस दिलाच नाही तर? बरोब्बर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प. म्हणजे हा सिग्नल मजेचा नाहीच, तो सांगतो की वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, आणि त्यावरून मेंदू पुढचा अंदाज सुधारतो. शिकणं म्हणतात ते बरंचसं हेच. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू या संशोधकांसोबतचा शुल्ट्झ यांचा यावरचा पेपर १९९७ चा आहे, आणि गंमत म्हणजे मशीनला शिकवणाऱ्या लोकांकडे हेच गणित त्याआधीच तयार होतं.

तिकडे अमेरिकेत केंट बेरिज या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं तर उंदीर खायला उठेचनात, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की आधीसारखेच मिटक्या मारायचे. आवड शाबूत, ओढ गायब.

आता पेमेंट ॲपवरचं स्क्रॅच कार्ड बघा. दरवेळी ठरलेला एक रुपया मिळाला असता तर आठवड्यात आपण ते उघडायचं सोडलं असतं, पण कधी ठेंगा, कधी भलत्याच दुकानाचं कूपन, कधी चुकून पंधरा रुपये, त्यामुळे अंदाज काही बसत नाही आणि बोट घासत राहतं.

आणि सवय मुरली की ओढ दिव्यावर सरकते, आपल्या बाबतीत फोनच्या टिंगवर. मग रविवारी फोनचा उपास करून सोमवारी टिंग परत चालू ठेवणाऱ्यांनी नेमकं काय डिटॉक्स केलं ते मला जरा कमेंटमधे समजावून सांगा.