बिबड्यांवरची सावली

हेलसिंकीत डिसेंबरमध्ये सूर्य नवानंतर उगवतो नि सव्वातीनच्या आसपास मावळतो. तोही ढगांनी दिसू दिला तर. दुपारी साडेबाराला तो क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर असतो. असं ऊन एकदा सापडलं, तेव्हा बर्फावर माझी सावली पडली होती, उंचीच्या आठ-नऊ पट. ताडासारखी. फोटो काढला आणि मग नादच लागला. परक्या माणसांवर कॅमेरा रोखायला तिथे संकोच वाटतो. आपल्या सावलीला कुणाची परवानगी लागत नाही.

मेअखेर अमळनेरला जायचं होतंच. तसाच फोटो गच्चीवर काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावायचे, असं ठरवलं.

पोचल्यावर पहिले दोन दिवस दिसेल ते टिपलं: बोरी नदीचं कोरडं पात्र, दारातली बाज, ओट्यावरचा रांजण. रात्री लॅपटॉपवर बसून सावल्या उजळल्या, उन्हाचा पिवळेपणा कमी केला. आबांनी चष्मा लावून पाहिलं.

"हाई आपलं गाव नही शे. इतलं गार ऊन आपलाकडे कव्हय पडस?"

गार ऊन! माझ्या आठ वर्षांच्या फोटोग्राफीवर याहून नेमकी टीका कुणी केलेली नाही. डोळे तिकडच्या उजेडाला सरावले होते आणि त्याच मापाने मी इथलं ऊन सोलत बसले होते. केलेले सगळे बदल पुसले. भिंती पुन्हा पांढऱ्याफटक, सावल्या काळ्याकुट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. ज्वारीचा घाटा पहाटेच शिजला होता (गरम घाट्यावर तेल घालून मी दोन वाट्या हाणल्या, ते सांगायलाच हवं). ओल्या धोतरावर तिचा हात गरगर फिरत होता. कॅमेरा घेऊन मी वाकले, तशी ती ओरडली, "बाजूला हो, सावली पाडू नको!"

साडेबाराला पुन्हा वर गेले. फरशी तव्यासारखी तापलेली. खानदेश साधारण २१ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. बिबड्यांच्या मधोमध उभी राहिले. सावली चपलांभोवती गोळा झालेली, फोटोत धरायला काहीच नाही.

आई जिन्याच्या दारातून बघत होती. या वेळी ओरडली नाही. फक्त म्हणाली, "पाय जपून टाक."