माळकऱ्याचा आखाड

आषाढी एकादशी ते आषाढी अमावस्या, मध्ये अठरा तिथी. पंढरपूरला चालत जाऊन आलेल्याच्या पायाचे फोड सुकतात न सुकतात तोच गावात आखाड पार्टीचे बेत शिजायला लागतात. श्रावण पाळायचाय ना, मग आधी उरकून घ्या! आमच्या कराडकडे गटारीला सकाळपासून मटणाच्या दुकानापुढे रांग आणि सांजेला शिवारात चुली.

आमचे मामा माळकरी. त्यांना बोलावणं असतं, पण आग्रह कुणी करत नाही. मला करतात. "आज नको, पित्त झालंय" म्हणालो की थोडा वेळ पित्तावर चर्चा, मग "एकानं काय होतंय?" कारण दिलं की घासाघीस आलीच. मामा कारणच देत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ आहे, विषय संपला. पंढरपुरात महाराजांच्या हातून ती घेतली तेव्हाच सगळं ठरलं, चांगलं शुद्धीत असताना. चुलीवर रस्सा उकळत असताना ते पुन्हा ठरवायचं नसतं.

माळेत जादू नाही म्हणा. ती खुंटीला अडकवून बसणारे मी पाहिलेत, गळ्यात ठेवून चढ्या व्याजानं पैसे फिरवणारेही. मामांची माळ एकदा ऐन उन्हाळ्यात तुटली, तर मणी ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. मामी चिडली होती. हा कर्मठपणा मला आजही पटत नाही.

पण मामा गावच्या दूध संस्थेत मापाला असतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटमागे, म्हणजे दर ०.१ ला, पैसे कापतात. मशीन दाखवेल ते वहीत चढवायचं, एवढंच काम. पण वही मामांच्याच हातात. एकदा मामीच्या सख्ख्या भावानं हळूच म्हटलं, "दाजी, ३.२ च्या जागी ३.५ लावा की, कुणाला कळतंय?"

मामा म्हणाले, "माळ हाय रं."

मटण-दारूचा तिथं काय संबंध? पण माळ घेताना परद्रव्याला हात न लावण्याचाही शब्द दिलेला असतो, तेवढाच लोक सोयीनं विसरतात.

मेव्हणा दुसऱ्या दिवसापासून खासगी डेअरीला दूध घालायला लागला. भाऊबीजेला मामी आता एकटीच माहेरी जाते. मामांना ते लागतं, लपवतही नाहीत. मामीचं मत मात्र अजून बदललेलं नाही: तीन पॉइंटांसाठी या माणसानं माझा भाऊ तोडला.