आमची वाटचाल : दिवसभराचं फ्रेंच, पाळणाघरातलं

पश्चिम लंडनमध्ये आमचं छोटं द्विभाषिक पाळणाघर आहे. नऊ महिन्यांपासून शाळेच्या वयापर्यंतची मुलं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, भाषा फ्रेंच आणि इंग्रजी. साऊथ केन्सिंग्टनची लीसे शार्ल द गोल ही फ्रेंच शाळा १९१५ पासून आहे आणि तिच्या आसपास फ्रेंच कुटुंबं पूर्वीपासून राहतात. त्यामुळे फ्रेंच हवं असणारे पालक आम्हाला शोधावे लागले नाहीत. खरी मेहनत लागली ती फ्रेंच दिवसभर टिकवायला.

सुरुवात सकाळच्या तीन तासांच्या वर्गाने झाली. गाणी, रंग, आकडे, प्राण्यांची नावं. मुलं दहापर्यंत सुरेख मोजायची, पण तहान लागली की पाणी इंग्रजीतच मागायची. कारण उघड आहे. ज्या भाषेवाचून मुलाचं काही अडत नाही, ती भाषा ते ऐकतं, वापरत नाही. म्हणून पूर्ण दिवसाचं पाळणाघर सुरू करताना फ्रेंचचा वेगळा तास काढून टाकला आणि ती भाषा नॅपी, जेवण, हात धुणं, झोप या कामांत नेली.

नॅपी बदलण्याचंच घ्या. बाळाची नॅपी दिवसातून चार-पाच वेळा बदलते. दर वेळी चेहरा चेहऱ्यासमोर, पायऱ्या त्याच, वाक्यंही तीच. ताई म्हणते, ‘लेव ले जांब’, म्हणजे पाय वर कर, आणि थांबते. स्वतः पाय उचलत नाही, दोन-तीन सेकंद वाट बघते. काही आठवड्यांनी बाळ स्वतःहून पाय उचलतं. बाळांच्या खोलीत फ्रेंच समजल्याची पहिली खूण आम्हाला बहुधा इथेच दिसते. घाईत, न बोलता, दीड मिनिटात नॅपी उरकली तर ती स्वच्छ बदलली जाते, पण शिकण्याची वेळ हातची जाते. नव्या ताईला आम्ही सगळ्यात आधी हे थांबणं शिकवतो.

एक व्यक्ती, एक भाषा हा नियम आम्ही पाळतो. फ्रेंच ताई मुलांशी फक्त फ्रेंच बोलते. मूल तिला इंग्रजीत ‘मोअर वॉटर’ म्हणालं तर न समजल्याचं सोंग ती करत नाही, त्याने मूल हिरमुसतं आणि बोलायचंच बंद होतं. ती ‘आंकोर द लो?’ असं विचारत पाणी देते. मुलाचंच म्हणणं फ्रेंचमध्ये परत येतं आणि पेलाही भरतो.

आता माणसांचा हिशेब. इंग्लंडच्या नियमाने दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक कर्मचारी आणि दर बाळामागे साडेतीन चौरस मीटर जागा लागते. म्हणजे बारा बाळांना बेचाळीस चौरस मीटर आणि सतत चार ताया. दहा तासांचा दिवस धरला तर रोजचे चाळीस कामाचे तास, आठ-आठ तासांच्या पाच ताया. जेवणाची सुट्टी, रजा, प्रशिक्षण मिळवलं की सहा. त्या सहांत तीन फ्रेंचभाषक हव्यात, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

पाचच्या सुमारास सकाळच्या पाळीच्या ताया निघतात, मुलं कमी होतात, दोन खोल्या एक केल्या जातात. उरलेल्या ताया आपापसात इंग्रजी बोलतात, कारण ती सगळ्यांना येते. अर्ध्या तासात सगळी खोली इंग्रजी होते. मुलं दमलेली असतात, कुशीत शिरायला बघतात, आणि मायेने जवळ घेणारा आवाज त्या वेळी रोज एकाच भाषेत येत राहिला तर दुसरी मागे पडते. म्हणून आमच्या रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकावर, प्रत्येक नावापुढे ‘फ्रें’ किंवा ‘इं’ लिहिलेलं असतं. साडेचारनंतर किमान एक ‘फ्रें’ असल्याशिवाय रोटा मंजूर होत नाही. आठवड्यातले तीन दिवस एकत्र केलेली खोली फ्रेंच ताईच्या ताब्यात असते. एजन्सीकडून बदली माणूस घेतलं तर त्याला फ्रेंच क्वचितच येतं, त्यामुळे एक जादा फ्रेंचभाषक ताई कायम पगारावर ठेवली आहे. खर्चिक आहे, पण याला दुसरा इलाज नाही.

सप्टेंबर २०२३ पासून दोन वर्षांच्या मुलांसाठी एका कर्मचाऱ्यामागे चारऐवजी पाच मुलं चालतात. आम्ही चारच ठेवली. दहा मुलांच्या खोलीत पाचाच्या हिशेबाने दोनच ताया येतात. एक नॅपी बदलायला गेली की दहा मुलं एकीवर, आणि खोलीत भाषाही एकच. चाराच्या हिशेबाने तिघी असतात.

ब्रेक्झिटमुळे १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्समधून सरळ माणूस आणणं संपलं. आता आधीपासून इथे राहण्याचा आणि कामाचा हक्क असलेल्यांतूनच निवड होते. फ्रान्समधली बालसंगोपनाची पदविका इथल्या पात्र कर्मचाऱ्यांच्या हिशेबात आपोआप धरली जात नाही, तिची मान्यता काढावी लागते. इथल्या डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या सरकारी तपासणीबरोबर फ्रान्समधल्या गुन्हे-नोंदीचा उताराही मागवतो. कागद पुरे होईपर्यंत कुणालाही मुलांपाशी एकटं सोडत नाही.

नव्या मुलाला रुळवायला दोन आठवडे ठरलेले असतात. पहिल्या दिवशी आई किंवा बाबांसह अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास. तिसऱ्या दिवशी पालक पंधरा मिनिटं बाहेर जातात, तेही मुलाला सांगून, लपून नाही. मग एक जेवण, मग एक झोप, मग अर्धा दिवस. मुलाची ठरलेली ताई आणि तिची भाषा या काळात बदलत नाही. फ्रेंच कुटुंबांत बहुतेक बाळांचं एक ‘दूदू’ असतं, झोपताना जवळ घ्यायचं कापड किंवा मऊ खेळणं. ते घरूनच यावं, धुतलेलं नसलं तरी चालेल, कारण बाळाला घरचा वास हवा असतो. बाळाचा डोळा लागला की ते पाळण्यातून काढून ठेवतो.

दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान प्रगतीची लेखी तपासणी करणं बंधनकारक आहे. इथे गफलत होते ती शब्द मोजताना. एखाद्या मुलाकडे वीस इंग्रजी, पंचवीस फ्रेंच आणि घरचे पंधरा मराठी शब्द असतील, तर नुसते इंग्रजी मोजणाऱ्याला ते मागे वाटेल. आम्ही तिन्ही भाषा मोजतो, घरच्या शब्दांची यादी पालकांकडून घेतो. पण उलटही तितकंच खरं आहे. तिन्ही भाषांत शब्द कमी असतील, नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तर दोन भाषांमुळे गोंधळलं असेल म्हणून वाट बघत बसू नये. श्रवणतपासणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञ, दोन्हीकडे लगेच पाठवतो.

आमच्याकडे येणारी मराठी कुटुंबं विचारतात, घरी आता इंग्रजी सुरू करू का? नको. मराठीच बोला, भरपूर बोला. इंग्रजी इथे दिवसभर मिळते, आणि घरच्या भाषेला खेळात नि शिकण्यात वाव द्यावा हे इथल्या नियमांतही आहे. शिवाय फ्रेंच त आणि द दातांना जीभ लावून म्हणतात, मराठीसारखेच. मराठी कानांची मुलं ते सहज उचलतात.

पुढच्या शाळेची आखणी मात्र पालकांनी लवकर करावी. फ्रेंच पद्धतीत वर्ग जन्माच्या कॅलेंडर वर्षाने ठरतो, इंग्लंडमध्ये सप्टेंबर ते ऑगस्ट असा. ऑक्टोबर २०२१ मध्ये जन्मलेलं मूल फ्रेंच हिशेबाने सप्टेंबर २०२४ मध्येच मातेर्नेलच्या, म्हणजे फ्रेंच बालशाळेच्या, पहिल्या वर्गात बसतं, तर इंग्लिश शाळेच्या रिसेप्शन या पहिल्या वर्गात सप्टेंबर २०२६ मध्ये जातं. जुलैतल्या मुलाला हा फरक एकाच वर्षाचा पडतो. त्यामुळे एकाच खोलीतली मुलं वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडतात आणि रिकाम्या जागांचं गणित दर वसंतात नव्याने मांडावं लागतं.

सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांवरील मुलांना वर्षातले अडतीस आठवडे, आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाने मिळतात. मागणी वाढली आहे. दुसरी शाखा काढा, असा आग्रहही होतो. पण संध्याकाळी सहापर्यंत थांबणाऱ्या आणखी तीन फ्रेंचभाषक ताया पक्क्या झाल्याशिवाय दुसऱ्या जागेचा भाडेकरार आम्ही करणार नाही.