लॉगिनचं पान मराठी करताना

परळला आमचं छोटं वाचनालय आहे, त्याची वेबसाइट वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर), आणि सभासद तिथे लॉगिन करून पुस्तकं रिन्यू करतात. गेल्या आठवड्यात ते लॉगिनचं पान मी नव्याने मांडलं. लोगो, रंग वगैरे पटकन झालं, चाइल्ड थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या मूळ थीमला न छेडता आपले बदल ठेवायची जोड-थीम) फंक्शन्स फाइलमध्ये लॉगिन एनक्यू स्क्रिप्ट्स हा हुक (आपला कोड जोडायला वर्डप्रेसने ठेवलेली जागा) वापरून आपली सीएसएस, म्हणजे रंगरूपाच्या सूचना, जोडायची, बस. वर्डप्रेसच्या मूळ फाइलला मात्र हात लावू नका, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं.

खरा वेळ खाल्ला तो मराठीने. थीममध्ये बटणाला २ पिक्सेल लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलं होतं, इंग्रजीला ते शोभतं, पण "प्रवेश करा" लिहिलं आणि शिरोरेषाच तुटली, अक्षरं एकेक सुटी, बघवेना. ते शून्य केलं. मग लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, होती १, त्यामुळे "तुमचा सभासद क्रमांक" मधल्या तु चा उकार खालून कापला जात होता आणि "पासवर्ड" चा रफार वरच्या कडेला चिकटत होता. १.६ केल्यावर अक्षरांनी मोकळा श्वास घेतला. फॉन्ट मुक्ता घेतला, मुंबईतल्याच ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला, फुकट आहे आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

शेजारच्या काकूंना फोन दिला, म्हटलं करून बघा. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं, टाइप करायला लागल्या आणि आतला फिकट मजकूर गायब! "अगं, इथे काय लिहायचं होतं?" त्या क्षणी ठरवलं, लेबल कायम रकान्याच्या वर, प्लेसहोल्डरच्या, म्हणजे त्या आतल्या फिकट मजकुराच्या, भरवशावर काहीच सोडायचं नाही. सभासद क्रमांकासाठी नंबरचाच कीपॅड उघडतो आता, आणि पासवर्डशेजारी "दाखवा" असं शब्दात लिहिलंय, डोळ्याचं चित्र काकूंना कळलं नव्हतं.

आयफोनवर अजून एक भानगड, रकान्यातला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला की सफारी पान आपोआप झूम करतं आणि बटण बाजूला जातं, म्हणून १६ च ठेवला. फिकट राखाडी अक्षरंही काढली, दादरच्या प्लॅटफॉर्मवर दुपारच्या उन्हात ती दिसतच नव्हती, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किमान ४.५ ला १ हवाच.

एक राहिलंय. फॉर्म पानाच्या मधोमध आहे, त्यामुळे छोट्या फोनवर कीबोर्ड वर आला की बटण झाकलं जातं. तो वर सरकवायचाय, आज रात्री बसते.