ओठातला फुगा सुईने फोडू नका, प्लीज

आमच्या इंदूरला तोंडात काही झालं की प्रत्येकाकडे उपाय तयार असतो, हळद लाव, तुरटी लाव, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुई तापवून फोडून टाक. माझ्या भाच्याच्या खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढा निळसर फुगा आला आणि त्याने खरंच तो फोडला, चिकट पाणी निघालं, फुगा बसला, घरात सगळे खूश, आणि थोड्याच दिवसांत परत तिथेच तेवढाच.

याला म्युकोसील म्हणतात. ओठाच्या आतल्या बाजूला लाळेच्या बारीक ग्रंथी असतात, ओठ दाताखाली चावला गेला की एखादीची नळी फाटते आणि लाळ तोंडात यायच्या ऐवजी आतच साठत जाते. फुगा फोडला तरी फाटकी नळी आणि ग्रंथी जागच्या जागी, मग परत भरणारच ना! हेच जिभेखाली झालं तर रॅन्युला.

डॉक्टरांनी ओठ उलटा करून बोटांनी चाचपला, मग काचेची पट्टी दाबून पाहिली, कारण रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर ती दाबल्यावर फिकी पडते. तोंडातली प्रत्येक गाठ म्युकोसील नसते: गालाच्या आत जिथे दात सारखे लागतात तिथली टणक गुलाबी गाठ बहुतेक फायब्रोमा (सारखं घासून वाढलेली साधी गाठ) असते, गरोदरपणात हिरडीवर लाल, हात लावताच रक्त येणारी गाठ येते ती बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप लहान होते म्हणून शक्यतो थांबतात, आणि ओठावरचे पिवळसर बारीक ठिपके तर गाठच नव्हे, त्यांना काही करायचं नसतं.

ऑपरेशन म्हणजे भुलीचं इंजेक्शन (दुखलं ते तेवढंच), बारीक छेद, फुग्याबरोबर आजूबाजूच्या ग्रंथीही काढल्या आणि टाके. काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणारं द्रावण) बाटलीत घालून बायोप्सीला, म्हणजे लॅबमध्ये तपासायला. बहीण म्हणाली, "ताई, एवढ्याशा तुकड्याला कशाला लॅब?" अगं, पाठवायलाच हवा! वरच्या ओठात अगदी अशीच दिसणारी गाठ लाळग्रंथीचा ट्यूमर निघू शकते, नुसतं बघून खात्री होत नाही. रिपोर्टमध्ये म्युकोसीलच आलं तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

गुटखा आपल्या मध्यप्रदेशात 2012 पासून बंद आहे, तरी सुपारी-तंबाखू खाणारे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांनी हे वाचून "आपलीही साधीच गाठ" असं कृपा करून समजू नये. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर लगेच दाखवा. खर्चाची काळजी असेल तर इंदूरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे जा.